चौथ्यांदा परत आलं तर

गेल्या लग्नसराईत, आठवडी बाजाराच्या दिवशी, भर दुपारी बिभीषणभाऊंनी शपथ घेतली. "हे मशीन चौथ्यांदा माझ्याकडं परत आलं, तर दुकानाला कुलूप लावीन अन् शेतात जाऊन बसंन." ऐकायला मी होते, चहावाला देवानंद होता, शेपूच्या जुड्या घेऊन घरी निघालेल्या दोन बाया होत्या, आणि जिच्या मशीनवरून हे सगळं झालं ती कडूबाई होती. म्हणजे साक्षीदारांची काही कमतरता नव्हती. आमच्या जाफराबादेत चहाच्या टपरीसमोर बोललेला शब्द संध्याकाळच्या आत शेअर जीपनं खेडोपाडी पोचतो, आणि वाटेत वाढत जातो.

बरं, हा माणूस शपथ मोडणाऱ्यातला असता तर मी निवांत राहिले असते. पंधरा वर्षांपूर्वी धाकट्या भावाशी भांडताना ते म्हणाले होते, तुझ्या गाडीवर पुन्हा बसणार नाही. भावानं त्यानंतर तीन मोटारसायकली बदलल्या. हे अजून जीपच्या मागच्या दांडीला धरून शेतात जातात. धाकटा शेजारून हॉर्न वाजवत पुढं निघून जातो.

मी रेणू. स्टँडकडून बाजारात जाताना डाव्या हाताला माझं शिलाईचं दुकान आहे, आणि त्याला लागून भाऊंचं 'बिभीषण साउंड'. ब्लाऊज, परकर, शाळेचे ड्रेस माझ्याकडे. रेडिओ, टेप, भोंगे, अँप्लिफायर त्यांच्याकडे. वीस वर्षांची शेजारी आहे मी त्यांची, तेव्हा त्यांच्याबद्दल बोलायचा मला हक्क आहे, आणि तो मी रोज बजावते.

भाऊ अठ्ठावन्नचे. अंगानं काटक, शर्टाच्या खिशाला कायम टेस्टर अडकवलेला. पोरीच्या लग्नात व्याह्याची गळाभेट घेतानाही तो टेस्टर तिथंच होता, आणि व्याह्याला तो टोचला. दुकानात बिघडलेलं काही आलं की ते लगेच उघडत नाहीत. आधी चौकशी. कुठून घेतलं, आधी कुणाकडं होतं, कधीपासून बोंबलतंय, पाऊस लागला का, घरात उंदीर हिंडतात का. देवानंद म्हणतो, सोयरीक जुळवतानाही लोक इतकं विचारत नाहीत. गिऱ्हाईक वैतागतं, पण उत्तरं देतं. कारण त्या उत्तरांमधूनच निम्म्या वेळा बिघाड सापडतो, हे सगळ्यांना माहीत आहे.

चौकशी झाली की मग बल्ब. भाऊंकडे एका लाकडी फळीवर शंभराचा जुना पिवळा बल्ब बसवलेला आहे. आजारी मशीनला ते सरळ लाइट देत नाहीत, त्या बल्बातून देतात. बल्ब भगभगून पेटला तर आत काहीतरी चिकटलंय. क्षणभर उजळून मंद झाला तर पोटात सगळं ठीक आहे. ह्या बल्बमुळं किती मशीनं जळायची वाचली ह्याची गणती नाही. आता बाजारात ब्लूटूथवाले डबे आले, बिघडले की लोक फेकून देतात, पण ज्यांना फेकणं जमत नाही ते सगळे भाऊंकडे येतात.

आणि सगळ्यात शेवटी कान. हे भाऊंचं खरं भांडवल. रस्त्यानं प्रचाराची गाडी गेली तर आत बसल्या बसल्या म्हणायचे, "डाव्या भोंग्याचं युनिट गेलंय." भांडण नको म्हणून कुणी विचारायला जायचं नाही, पण दुसऱ्या दिवशी तोच भोंगा त्यांच्या टेबलावर असायचा. माझं शिलाई मशीन कुरकुरलं की फळ्यांच्या भिंतीपलीकडून हाक यायची, "ताई, तेल पाजा त्याला! माझं डोकं उठवून राह्यलं ते!" मी मुद्दाम अजून चार टाके जोरात मारायची. माझं मशीन, माझी मर्जी.

तर कडूबाईचं मशीन. कडूबाई सत्तरीची, जाफराबादपासून वीस मिनिटांवरच्या वस्तीवरची. जन्म शेरडं-मेंढरं राखण्यात गेला, आता मुलाची चार एकर जमीन आहे आणि दारात मोजक्या शेळ्या. पण पंचक्रोशीत तिला ओळखतात ते हळदीच्या गाण्यांसाठी. कुणाच्याही मांडवात हळद लागायची असली की कडूबाईला जीप पाठवायची, हा रिवाज. मागच्या चार-पाच वर्षांत मात्र मांडवात डीजे आला, आणि म्हातारीचा आवाज त्याच्यापुढं पालापाचोळ्यासारखा उडून जायला लागला. आता तिच्या स्वतःच्या नातीची, मोनालीची, हळद तीन-चार आठवड्यांवरच्या एका रविवारी होती. कडूबाईनं मुलाला, भुजंगला, बजावलं, "मला मोठा आवाज आणून दे. माझ्या नातीची हळद मुकी न्हाई जायची."

भुजंग जालन्याला गेला आणि मस्तगडातल्या एका जुन्या सामानवाल्याकडून दुसऱ्या हाताचा अँप्लिफायर घेऊन आला. लोखंडी, काळा, पाटीवरची नावं पुसलेली. घरी लावला तर नुसता घूंऽऽ करायला लागला. म्हैस पाण्यात बसली की करते तसा.

ही पहिली खेप. भाऊंनी चौकशी केली, बल्ब लावला, झाकण उघडलं आणि दोन मिनिटांत बोट ठेवलं. आतले दोन मोठे कंडेन्सर डोक्यावर फुगले होते. ते बदलले, घूं गेलं. कडूबाई खूश, भुजंग खूश. मशीन जीपनं वस्तीवर गेलं.

घूं गेलं तेव्हा त्याच्याखाली दडलेला एक बारीक आवाज मला ऐकू आला होता. चिर्र. रातकिडा करतो तसा, न थांबता. मला वाटलं असेल तसाच, जुन्या मशीनला काहीतरी असणारच. शिवाय भाऊ म्हणाले होते साफ आहे. त्यांच्यापुढं मी आवाजातलं काय सांगणार?

आठवडा झाला न झाला तोच दुसरी खेप. आता खरखर. बटण फिरवलं की कानात रेती ओतल्यासारखं होत होतं. भाऊंनी बटणं साफ केली, फुंकर मारली, वाजवून दाखवलं. मशीन पुन्हा वस्तीवर.

आणि चार दिवसांत तिसरी खेप! पुन्हा खरखर. ह्या वेळी भाऊंचं तोंड आंबट झालं. झाकण उघडून त्यांनी पार नाक लावून आत पाहिलं, चिमटा घातला आणि बाहेर काढला एक तांदळाचा दाणा. लाल. त्याच्यामागून दुसरा. मग कोपऱ्यात वाळलेला चिकट ओघळ, त्यावर पिवळी भुकटी.

"भुजंग," भाऊ हळूच म्हणाले, "तुम्ही ह्याची पूजा करता का?"

भुजंगच्या आधी कडूबाई बोलली. "मंग? नवी वस्तू घरात घ्यायची अन् पूजा न्हाई करायची? नारळ फोडला, पाणी शिपडलं, हळद-कुंकू वाह्यलं."

"पर ते आता नवं कुठं राह्यलं? दुरुस्त होऊन आल्तं."

"दुरुस्त होऊन आलं म्हंजे पुन्ना नवंच की!"

म्हणजे बिचारं मशीन दर खेपेला घरी जायचं, दर खेपेला त्याच्या टाळूवरच्या जाळीतून नारळपाणी, अक्षता आणि कुंकू आत जायचं, आणि दर खेपेला ते आजारी पडायचं. देवानंदच्या हातातली किटली हसून हसून हिंदकळली. मी तर मापाची टेप तोंडात धरून बसले. भाऊसुद्धा हसले. खरं सांगायचं तर ते जरा जास्तच हसले. चोर सापडला होता ना. त्यांनी स्पिरिट आणि ब्रश घेऊन सगळं आतून पुसलं, बल्बाच्या उबेला वाळवलं, झाकण लावलं, वाजवलं. खरखर गेली होती.

"आता पूजा करायची तर दाराची करा," ते म्हणाले. "मशीनला नुसता दुरून नमस्कार."

"पर ते चिर्र?" कडूबाईनं विचारलं.

"कुठलं चिर्र?"

"हे काय, वाजून राह्यलं की. चिर्रऽऽ."

भाऊंनी कान स्पीकरच्या जाळीला लावला. डोळे मिटले. आम्ही सगळे बघत होतो. चिर्र चालूच होतं; मला ऐकू येत होतं, देवानंदला येत होतं, शेपूवाल्या बायासुद्धा जुड्या हातात धरून थांबल्या होत्या. भाऊंनी डोळे उघडले आणि म्हणाले, "काई न्हाई. बिलकुल साफ हाय."

 देवानंदनं माझ्याकडं पाहिलं, मी हातातल्या अस्तराकडं पाहिलं. तीस वर्षं ज्याच्या कानावर गावानं भरोसा ठेवला, त्याला तोंडावर कोण सांगणार? आमच्या त्या गप्प बसण्याचाच भाऊंना राग आला असावा. त्यांना वाटलं, आम्ही म्हातारीची बाजू घेतोय. आणि मग ती शपथ झाली. कुलूप लावीन, शेतात जाऊन बसंन.

त्या दिवशी दुकान आवरता आवरता माझ्या डोक्यात एक गोष्ट आली आणि मी तिथंच स्टुलावर बसले. माझं मशीन कुरकुरतं त्याला तेल घातलेलं नव्हतं. दिवाळीपासून नव्हतं. आणि दिवाळीपासून पलीकडून एकदाही हाक आली नव्हती. मी आपली समजत होते की वयामुळं माणूस निवळला.

दुसऱ्या दिवशी मी परीक्षा घेतली. भाऊ पाठमोरे बसले होते, मी जाऊन किल्ल्यांचा जुडगा वाजवला. काही नाही. छोटी घंटी वाजवली, गाऱ्हाणं ऐकवायला देवासमोर वाजवतात ती. काही नाही. मग टेबलावर थाप मारली, तर दचकून वळले. "काय ताई, जीव घेता का?" मी म्हणाले, माशी होती. जाड आवाज सगळे ऐकू येत होते त्यांना. बारीक, वरचे तेवढे गेले होते. जावेत नाही तर काय? तीस वर्षं भोंग्यात डोकं घालून 'हॅलो हॅलो' ऐकलेला माणूस.

मी त्यांना सांगायला हवं होतं. माझी जीभ काही अशी आखूड नाही. दुकानासमोर गाडी लावणाऱ्या तलाठ्यालासुद्धा मी सुनावलेलं आहे. पण हे मला जमेना. दर दिवशी ठरवायची, दर दिवशी फळीपलीकडून त्यांचं खोकणं ऐकायची आणि काज-बटणांत डोकं घालायची. आणि तिकडं वस्तीवर ते चिर्र वाजत होतंच, म्हणजे मशीन कधी ना कधी परत येणार होतं. हळदीचा रविवार तर चारच दिवसांवर आला होता. माझा जीव टांगणीला लागला.

पुढच्या बाजारी सकाळी कडूबाई आली. एकटी. पाठीवर गोधडीचं गाठोडं. जीपमधून उतरली, भाऊंच्या दुकानाकडं पाठ केली आणि सरळ माझ्या दुकानात शिरली. गाठोडं माझ्या कापड बेतायच्या टेबलावर ठेवलं. ठेवताना लोखंडाचा आवाज आला.

"आजी," मी म्हणाले, "हे काय आणलंत?"

"ब्लाऊज शिवायला आले. माप घे."

"अन् गोधडीत?"

"ते माझ्यासंगं आलंय. कुणाच्या दुकानात न्हाई आलं." ती भाऊंच्या दुकानाच्या पायरीकडे बोट करून म्हणाली, "त्याची पायरी चढले का मी? न्हाई ना? मंग शपथ कशी मोडती? आता त्याला हाक मार."

मी म्हातारीकडं बघतच राहिले. वकील झाली असती तर जालन्याच्या कोर्टात हिच्यापुढं कुणी टिकलं नसतं.

भाऊ आले. उंबऱ्यातच त्यांना गोधडी दिसली.  चेहरा एकदम उतरला, आणि ते मागे वळले. मला कळलं, कुलूप आणायला चालले आहेत.

"थांब बिभीषणा," कडूबाई म्हणाली. "बस हितं."

तिच्यापुढं तहसीलदारसुद्धा बसला असता. भाऊ स्टुलावर बसले.

"माझ्या डोळ्यात मोतीबिंदू झाल्ता," कडूबाई सांगायला लागली. "दोन वर्सं मला शेरडं दिसत न्हवती. कुणाला म्हनून सांगितलं न्हाई. कान चाचपून वळखायची, ही काळी, ही बांडी, ही खांडकी. कडूबाईला शेरडू वळखंना असं कुणी म्हनलं तर? मंग एक दिवस दुसऱ्याची शेळी हाकत आनली अन् आपल्या दावणीला बांधली. चोरीचा आळ आला माझ्यावर! साऱ्या गावापुढं! तवा बोंबलून सांगितलं, बाबांनो, मला दिसत न्हाई. तवर लाज वाटत होती. चोर म्हनल्यावर लाज कुठल्या कुठं पळाली."

भाऊ खाली बघत होते.

"मशीन खराबच हाय," कडूबाई म्हणाली. "ते तू नीट करशील, मला ठाव हाय. पर आधी तू तोंडानं बोल. तुला चिर्र ऐकू येत न्हाई."

भाऊंनी मान वर केली ती माझ्याकडं. "ताई, तुम्हाला येतं ऐकू?"

इतका सोपा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नसेल. आणि इतका अवघडही. "येतं," मी म्हणाले.

"कधीपासून?"

"पहिल्या खेपेपासून."

"अन् सांगितलं न्हाई." ते चिडून म्हणाले असते तर मी दोन ऐकवल्या असत्या. ते चिडले नव्हते. त्यांना वाईट वाटलं होतं, आणि मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नाही. वीस वर्षं ह्या माणसाला नको ते सगळं सुनावलं, आणि जे सांगायचं तेवढं गिळून बसले.

त्यांनी खिशातला टेस्टर काढून पुन्हा अडकवला. मग म्हणाले, "घरची रोज म्हनती, तुमी माझं ऐकत न्हाई. मला वाटायचं, बायकोच हाय, म्हननारच." आणि त्यांना हसू आलं. आम्हालाही आलं, काय करणार? हसता हसताच ते म्हणाले, "न्हाई येत ऐकू. बारीक काईच येत न्हाई. दिवाळीपासून वाटून राह्यलं, पर मीच म्हनलं, जग शांत झालं असंल."

मग ते उठले आणि आपल्या दुकानातून बल्बाची फळी, मीटर, सोल्डरिंग आणि स्पीकर घेऊन आले. माझं टेबल रिकामं झालं. मोनालीच्याच लग्नाचे सहा ब्लाऊज मी गुंडाळून कोपऱ्यात टाकले. मशीन उघडलं. बल्ब उजळला, मंदावला. पोट ठीक होतं.

"आता ऐका," भाऊ म्हणाले. "आवाज माईकमधून निघतो अन् स्पीकरला उतरतो. मधी थांबे हायत, आपल्या जालन्याच्या एसटीसारखे. चिर्र हे बिनतिकीट गिऱ्हाईक हाय. कुठल्या थांब्यावर चढतंय ते धरायचं. मी शेवटच्या थांब्यापासून उलटं येतो. एकेक थांबा बंद करतो. बंद केल्यावर चिर्र गेलं, तर ते आधीच्या कुठल्या थांब्यावर चढलंय. बंद करूनबी राह्यलं, तर तिथंच सापडलं."

"ते समजलं," कडूबाई म्हणाली. "मी सांगते. तू लाव हात."

त्यांनी एका वायरचं टोक मशीनच्या पत्र्याला लावलं आणि दुसऱ्या टोकानं आतल्या एका ठिपक्याला स्पर्श केला. टोकाला एक छोटा कंडेन्सर जोडलेला होता, सगळं जळू नये म्हणून. कडूबाईनं डोळे मिटले, अगदी भाऊ मिटायचे तसे.

"गेलं."

वायर एक थांबा मागं सरकली.

"गेलं."

दारात देवानंद येऊन उभा राहिला होता. त्याच्या टपरीवर चहा उतू जात होता आणि त्याचं भान त्याला नव्हतं. बाजाराचा दिवस, बाहेर कांदेवाला ओरडत होता, मी उठून दाराचा पडदा ओढला. त्यानं कांदेवाला काही कमी झाला नाही, पण मला बरं वाटलं.

वायर अजून एक थांबा मागं आली.

"हाय!" कडूबाई ओरडली. "हाय, हाय, वाजून राह्यलं!"

भाऊंनी माझ्याकडं पाहिलं. "आहे," मी म्हणाले. त्यांनी देवानंदकडं पाहिलं. त्यानंही मान हलवली. तिघांची साक्ष झाली तेव्हा त्यांनी टेस्टरच्या टोकानं एक तीन पायांचा ट्रान्झिस्टर दाखवला, हरभऱ्याएवढा. "हा हाय आपला बिनतिकीट. कुणीतरी आधी बदललेला दिसतो, अन् भलताच बसवलेला." कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून त्यांनी त्याला गार करायला डोक्यावर ठेवला. चिर्र एकदम बारीक झालं. "कमी झालं," आम्ही तिघं एका सुरात म्हणालो, शाळेत म्हणतात तसं. मग भाऊंनी त्याला काढलं आणि डबीतून दुसरा शोधून लावला. हात मात्र पहिल्यासारखेच चालत होते. सोल्डरिंगचा धूर निघाला, डाग थंड झाला, पुन्हा बल्ब, पुन्हा स्पीकर.

"सांगा," ते म्हणाले.

आम्ही ऐकलं. काहीच नव्हतं. इतकं काहीच नव्हतं की मला वाटलं मशीन बंदच आहे.

"न्हाई," कडूबाई म्हणाली.

"नक्की न्हाई?"

"आरं, नक्की. आता तुझ्या कानावर न्हाई, माझ्या कानावर इस्वास ठेव."

त्यांनी माईक तिच्या हातात दिला. कडूबाईनं पदर डोक्यावर घेतला, जसा काही मांडवच आहे, आणि गायली:

"हळदीचा डाग बाई पदरी राहू दे,
सासरच्या दारी माझं म्हायेर दिसू दे."

माझ्या एवढ्याशा दुकानात तो आवाज मावेना. म्हातारा होता, जागोजागी फाटलेला होता, पण जसाच्या तसा होता, मध्ये काही किरकिर नाही. पडदा सारून दोन-चार बाया आत आल्या. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी उगीच माप घ्यायची टेप शोधत बसले. भाऊ टेबलाला धरून उभे होते. "जाड जाड सगळं येतं ऐकू," ते मला म्हणाले. "चांगलं गाती."

दुपारच्या जीपनं कडूबाई गेली. जाताना भाऊंनी हात जोडून सांगितलं, नारळ फोडू नका. ती म्हणाली, बघू. ती जीप वळली तसे भाऊ आपल्या दुकानाशी गेले, शटर ओढलं आणि कुलूप लावलं.

"भाऊ, हे काय करता?" मी धावत गेले. "मशीन तुमच्या दुकानात आलंच नाही!"

"आल्तं. कुणाच्या दुकानात आल्तं त्यानं काय फरक पडतो? माझ्याकडं म्हनलो होतो मी. माझ्याकडं आल्तं."

देवानंदनं समजावलं, मी भांडले. काही उपयोग झाला नाही. किल्ली खिशात टाकून ते जीपच्या दांडीला लटकून गेले. भाऊंच्या भावानं म्हणे त्या दिवशी हॉर्न वाजवला नाही.

रविवारी मोनालीची हळद झाली. मी ब्लाऊज घेऊन गेले होते. कडूबाईनं माईक धरला आणि डीजेवाल्या पोरांनी आपणहून आपला डीजे बंद केला, कारण त्यांच्या आया पुढंच बसल्या होत्या. भाऊंना बोलावणं होतं, ते आले नाहीत.

पुढचा आठवडाभर फळीपलीकडं शांत होतं. लोक यायचे, कुलूप बघायचे, मला विचारायचे. मी खोटं सांगायची, गावाला गेलेत. मला करमेना. मग सोमवारी सकाळी मी दुकान उघडत होते तर भाऊ रस्त्यात उभे. डोक्यावर त्यांचं टेबल, उलटं, चार पाय आभाळाकडं. हातात बल्बाची फळी.

"ताई, दुकान बंद केलं. शपथ होती," ते म्हणाले. "काम बंद करतो असं काई म्हनलो न्हवतो. शेतात बसून पाह्यलं, तिथं दुरुस्त करायला काई न्हाई. तुमच्या खिडकीपाशी जागा हाय का? भाडं देतो."

"भाडं गेलं खड्ड्यात," मी म्हणाले. "आत या."

टेबल खिडकीपाशी लागलं, माझ्या मशीनच्या बरोबर शेजारी. तासाभरात पहिलं गिऱ्हाईक आलं: राधेश्याम, भंगारवाला, हातगाडीवरचा भोंगा घेऊन. बाहेर टपरीवर सात-आठ जण चहा पीत होते, सगळ्यांचे कान आमच्याकडं. भाऊंनी चौकशी केली, बल्ब लावला, भोंगा जोडला.

"साफ हाय का हो मामा?" राधेश्यामनं विचारलं.

भाऊ मोठ्यानं बोलले, टपरीला, स्टँडला, सगळ्यांना जाईल असं. "मला बारीक आवाज ऐकू येत न्हाई. ह्या ताईंना येतो. त्या सांगतील." आणि वळून माझ्याकडं बघत राहिले.

मी पायडलवरून पाय काढला. टपरीवर कुणी कपबशी वाजवेना. मी डोळे मिटले, नीट ऐकलं, आणि माझी जीभ ह्या वेळी अडखळली नाही.

"किरकिर आहे, भाऊ."

"बराबर," ते म्हणाले, आणि स्क्रू खोलायला घेतले.